निवड झालेली शालू

शालू गेल्याचं तिच्या धाकट्या भावाने, दिनेशने फोन करून सांगितलं. मी मरोळच्या ऑफिसात होते, समोर बँकेचं स्टेटमेंट उघडं होतं. "ताई गेली गं. सकाळीच," एवढंच तो म्हणाला. आजार लक्षात यायला उशीर झाला होता, डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. मी स्टेटमेंट मिटवलं, रजेचं सांगितलं आणि गोरेगावला तिच्या घरी गेले. धक्का बसला तो दुसऱ्या दिवशी, बातम्या वाचून.

बातम्यांत ती अर्थातच शाल्मली होती. शालिनी हे नाव जुनाट वाटतं म्हणून पहिल्या निर्मात्याने ते बदललं होतं. तिचं वय वेगवेगळं छापलं होतं. एका ठिकाणी तर तिचा जन्म मालवणचा दाखवला होता. ती भांडुपची, आमच्याच चाळीतली, माझ्या शेजारच्या खोलीतली. या चुका मी सोडून देईन. पण एक वाक्य जवळजवळ सगळीकडे होतं आणि ते मला सोडता येत नाही. 'लोकप्रियतेच्या शिखरावर असताना त्यांनी स्वेच्छेने अभिनयाला रामराम ठोकला आणि वाहिनीच्या उच्चपदावर त्या रमल्या.' या एका वाक्यात 'स्वेच्छेने'ही चूक आहे आणि 'रमल्या'ही. मी हिशेब तपासणारी बाई. चुकीची नोंद दिसली की ती दुरुस्त होईपर्यंत मला जेवण जात नाही. म्हणून हा लेख.

आम्हा दोघींचेही वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर माझ्या वडिलांनी वॉचमनची नोकरी धरली, तिच्या वडिलांनी अंथरूण. शालू नाटकात गेली ती हौसेने, टिकली ती गरजेने. हौशी एकांकिका, मग व्यावसायिक नाटकातली छोटी कामं आणि मग दुपारच्या मालिकेतली ती थोरली सून. तेव्हा घरोघरी बायका तिच्यासाठी हळहळत. सासूने छळायचं, नवऱ्याने गप्प बसायचं आणि शालूने रडायचं. तिची आई पक्की मालवणी. टीव्हीसमोर भाजी निवडता निवडता म्हणायची, "कित्याक रडतंस गो इतक्या? पैशे जास्त देतत काय?" शालू हसून सांगायची, "आई, रडण्याचे वेगळे नाही मिळत. पॅकेजमध्ये असतं."

मग एके दिवशी कथेला वळण हवं म्हणून थोरल्या सुनेला जिन्यावरून पाडलं. फोटोला हार घातला आणि दुसऱ्या दिवसापासून शालूला काम नव्हतं. पुढे ज्या भूमिका आल्या त्या सगळ्या रडणाऱ्या सुनेच्याच, आणि त्याही पहिलीपेक्षा लहान. त्यात आईचं डायलिसिस सुरू झालं. अशा वेळी वाहिनीतल्या एका बाईंनी विचारलं, संहिता वाचून मत देण्याचं काम आहे, महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल, करशील का? तिने हो म्हटलं. 'लोकप्रियतेचं शिखर' आणि 'स्वेच्छा' म्हणतात ती ही. मला ती तेव्हा म्हणाली होती, "दोन वर्षं करते गं, आईचं मार्गी लागेपर्यंत. मग परत आहेच की मी."

ती दोन वर्षं लांबत गेली, कारण ते काम तिला फार चांगलं यायला लागलं. संहिता वाचणारी शालू बघता बघता मालिका विभागाची प्रमुख झाली. तिची कामाची एक पद्धत होती, ती मी स्वतः पाहिली आहे, कारण ती माझ्या मुलुंडच्या स्वयंपाकघरात चालायची. नवीन मालिकेचा पहिला भाग तयार झाला की शालू तो घेऊन यायची, हॉलमधल्या टीव्हीवर लावायची आणि स्वतः आत येऊन टीव्हीकडे पाठ करून माझ्यासोबत पोळ्या लाटायची. पडद्याकडे एकदाही बघायची नाही.

"अगं, बघ तरी! एवढा खर्च केलाय सेटवर," मी म्हणायचे.

"बाई बघत नाही गं, ऐकते. तिचे हात कणकेत असतात. पाठ करून गोष्ट कळली तर मालिका चालेल. नाहीतर सेटवर ताजमहाल लाव, वाट लागणार."

आणि मी ऐकता ऐकता चुका काढायचे. एकदा तिला म्हटलं, "शालू, ही तुमची नायिका गणपतीत सात महिन्यांची होती आणि दिवाळीतही सातच. मूल आहे की फिक्स डिपॉझिट?" ती लाटणं हातात घेऊन हसत सुटली. तेव्हापासून तिने माझं नाव 'ऑडिटर' पाडलं. तिच्या लेखकांना ती सांगायची म्हणे, "हे चालणार नाही, मुलुंडची ऑडिटर पकडेल."

कामात ती कडक होती, हेही लिहिलं पाहिजे. कितीही ज्येष्ठ नट असो, ऑडिशन घेतल्याशिवाय भूमिका द्यायची नाही. लोक दुखावले जायचे. एक नामवंत नट तिच्या केबिनमध्ये येऊन म्हणाले होते, "मी रंगभूमीवर उभा राहिलो तेव्हा तू शाळेत होतीस. माझी ऑडिशन?" ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही चांगले आहात ते मला माहीत आहे. या माणसासारखे आहात का, ते बघायचंय." ते ऑडिशन न देता निघून गेले आणि वर्षभर गावभर तिच्या नावाने खडे फोडत राहिले. तिचा दुसरा नियम तिच्या स्वतःसाठी होता. वाहिनीच्या माणसाने त्याच वाहिनीवर काम करायचं नाही. एकदा एका आईच्या भूमिकेसाठी कोणी सापडेना. बैठकीत तो प्रसंग तिने सगळ्यांना नुसता वाचून दाखवला, तर म्हणे पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. निर्माता म्हणाला, "मॅडम, तुम्हीच करा ना." तिने संहिता मिटली आणि दुसरीला घेतलं. मला हे सांगितलं तेव्हा चेष्टेच्या सुरात सांगितलं, पण त्या दिवशी तिच्या पोळ्या सगळ्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या...

मग वाहिनीत वरची माणसं बदलली, विभागांची फेररचना झाली आणि तिचं पद राहिलं नाही. फुलांचा मोठा गुच्छ देऊन निरोप दिला. आई तोवर गेली होती. शालू मात्र खूश होती. केस रंगवणं बंद केलं. म्हणाली, "आता मी मोकळी. आई, आत्या, सासू, मोलकरीण, काहीही करीन. फक्त सून नको." मी म्हटलं, "सून कोण देतंय तुला या वयात?" "तोंड बघ ऑडिटरचं," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, ओळखी इतक्या आहेत, काम मिळायला वेळ लागणार नाही. ओळखीच आड आल्या. फोन केला की समोरचा म्हणायचा, "मॅडम, तुमच्यासाठी दार कायम उघडं आहे." दार उघडं, पण आत काम नाही. शेवटी एका भूमिकेसाठी ऑडिशन चालू आहे असं कळल्यावर ती सरळ अंधेरीला जाऊन रांगेत बसली. आतून कोणीतरी बघितलं आणि धावपळ उडाली. खुर्ची आली, चहा आला, एसी वाढवला. "मॅडम, तुमची कसली ऑडिशन? लाजवता काय आम्हाला?" सगळ्यांनी तिच्यासोबत फोटो काढले. कॅमेऱ्यासमोर मात्र तिला कोणी उभं केलं नाही आणि ती भूमिका तिच्या मागे बसलेल्या बाईला मिळाली. माझ्याकडे आली ती तणतणत. "मला नापास तरी करा ना! पेपरच देऊ देत नाहीत."

तेव्हा आम्ही ते केलं. हल्ली घरूनच मोबाइलवर ऑडिशन करून पाठवतात, त्याला सेल्फ टेस्ट म्हणतात. मागे रिकामी भिंत लागते. आमच्या हॉलमध्ये रिकामी भिंत नाही, तेव्हा यांनी काचेचं शोकेस ओढून बाजूला केलं. शालू माझी रोजची सुती साडी नेसून भिंतीशी उभी राहिली. फोन माझ्या हातात. मुलाच्या घरी राहायला आलेली आई 'मी आता निघते' असं सांगते, असा प्रसंग. मुलाची वाक्यं मला वाचायची होती. मी वाचलं, "आई, तू समजून घे, जागा लहान आहे."

"ऑडिटर, मुलगा आहेस तू माझा. बँकेची नोटीस नाहीस."

"मला एवढंच येतं."

"बरं, तसंच वाच. हल्लीची मुलं अशीच बोलतात."

तिने अभिनय केला म्हणजे काय केलं, ते मला सांगता येणार नाही. रडली नाही. पिशवीची चेन लावता लावता बोलली, आणि चेन अडकल्यावर दोनदा मागे घेऊन परत लावली. पिशवी माझी होती, तिची चेन कधीच अडकत नाही. व्हिडिओ पाठवताना नाव दिलं शालिनी गावडे, राहणार भांडुप.

निवड करणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने थोरली सून पाहिलेली नव्हती. तिचा मेसेज आला, "शालिनीताई, सगळ्यांना खूप आवडलं. तुम्ही लॉक झालात." लॉक म्हणजे भूमिका पक्की. ब्लाउजची मापं मागवली. मी स्वतः टेपने घेऊन पाठवली. शालूने त्या दिवशी आमच्या घरी जी उडी मारली, ती खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारावं इतकी जोरात होती.

गोरेगावच्या स्टुडिओत लूक टेस्टला, म्हणजे भूमिकेचे कपडे-मेकअप करून बघायला गेली, तेव्हा दिग्दर्शकाने तिला पाहिलं. हा मुलगा एके काळी वाहिनीत तिच्याच हाताखाली शिकलेला. तो ताडकन उभा राहिला आणि पाया पडला. नाव बदलून पाठवलं म्हणून रागावला नाही, उलट डोळ्यांत पाणी आणलं. मग तिला बाहेर बसवून आत त्यांची दोन तास बैठक झाली. मग बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, तुम्हाला मी 'शॉट परत द्या' कसं सांगू? युनिट घाबरून जाईल. हा रोल तुमच्यापुढे फार छोटा आहे. त्यापेक्षा तुमच्या हातून मुहूर्ताचा नारळ फोडून घेतो. आमचं भाग्य."

आणि तिने तो फोडला. "मग काय करू? ताट पुढे केलं होतं, फोटोवाले होते," ती मला म्हणाली. "नारळ चांगला निघाला हो. खोबरं आणलंय, घे." त्या खोबऱ्याच्या वड्या मी केल्या नाहीत. फेकलंही नाही. फ्रिजमध्ये वाळून गेलं.

तिच्या शोकसभेत तोच दिग्दर्शक बोलला. "ताईंनी पुन्हा अभिनय करावा ही आमची फार इच्छा होती, पण त्यांचाच त्यातला रस संपला होता." मी सभा संपेपर्यंत थांबले आणि चहाच्या टेबलापाशी त्याला गाठलं. म्हटलं, "त्या लॉक झाल्या होत्या. ब्लाउजची मापं मी पाठवली होती."

तो क्षणभर गोंधळला. "मावशी, आम्ही त्यांचा सन्मानच केला ना?"

"तेच म्हणतेय मी," मी म्हटलं. तो दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला वळला.

तर दुरुस्ती अशी. शालिनी गावडे हिने अभिनय सोडला नव्हता. ती नाव, पद, ओळख बाजूला ठेवून एकदा परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. निकाल लागल्यावर तिला खाली बसवण्यात आलं. मला याचा राग येतो, आणि राग कोणावर काढायचा ते कळत नाही, कारण यातलं कोणीही तिच्याशी वाईट वागलं नाही.

नारळ फोडून आल्यानंतरच्या शनिवारी ती दुपारी आली आणि म्हणाली, "भावोजी, शोकेस सरकवता का?" मी विचारलं, "आता कोणाला पाठवायचंय?" "कोणाला नाही. तू बघ आणि चुकलं ते सांग." तिने तोच प्रसंग केला. मी म्हटलं, "शेवटचं वाक्य घाईत गेलं." तिचा चेहरा असा उजळला... "परत देते," म्हणाली, आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. मग दर शनिवारी हेच. कधी ती कुठूनतरी नवा प्रसंग आणायची, कधी तोच. मी सरळ सुरात मुलगा, नवरा, सावकार, डॉक्टर वाचायचे. ते व्हिडिओ कोणाला पाठवले नाहीत. हॉस्पिटलात जायच्या आधीच्या शनिवारीही ती आली होती. उभं राहवत नव्हतं, तर भिंतीला खुर्ची लावून बसून केलं, आणि मी म्हटलं, मधली ओळ ऐकू आली नाही. तिने ती परत दिली.

परवा शनिवारी जेवणं झाली. मी मागचं आवरत होते, तेवढ्यात हॉलमधून शोकेसच्या काचा वाजल्या. बाहेर येऊन बघते तर यांनी सवयीने ते बाजूला ओढलं होतं आणि हात तसाच त्याच्यावर ठेवून उभे होते. "लावून टाकू का जागेवर?" त्यांनी विचारलं.

मी हात पुसले आणि माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. म्हटलं, "थांबा जरा."