दाजींचा उजवा हात

दाजी गेल्याची तार साताऱ्याला माझ्या कचेरीच्या पत्त्यावर आली, तेव्हा मी कालव्याचे नकाशे गुंडाळत होतो. तार वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि उरलेले नकाशेही गुंडाळले. रडू आलं नाही. रजा मागायला साहेबांकडे गेलो तर माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "आधी बसा." बसल्यावर कळलं, आपण किती दमलोय… तीन वर्षं सातारा, तासगाव, मिरज अशा खेपा घातल्या होत्या. आज सव्वा महिना झाला, तरी तो शीण अंगातून उतरलेला नाही.

दाजी म्हणजे आनंदराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तासगावजवळ त्यांची दोन एकर द्राक्षबाग होती. भोवतालची माणसं ज्वारी सोडायला धजत नव्हती, तेव्हा त्यांनी दगडी खांब रोवून, तारा ओढून मांडव घातला. या बागेचं काम म्हणजे दिवसभर मान वर आणि हात वर. छाटणी, काड्या बांधणं, घडांची विरळणी, सगळं डोक्याच्या वर. बाकीचे गडी तासाभरात हात खाली सोडून उभे राहायचे. दाजी सहा फुटाला जवळ, अंगानं काटक. उजव्या हातात कात्री आणि ओठांत विडी धरून ते ओळीच्या ओळी संपवत पुढे जायचे. मी सुट्टीला गेलो की म्हणायचे, "वसंता, कागदं उचलून हात मऊ झाल्यात रं तुझं."

विडीनं त्यांच्या घशाचा घात केला. पहिल्या वेळी किरणांच्या शेकावर भागलं. गळा आतून सोलून निघाला, दोन महिने ते पेजेवर राहिले, पण उठले. विडी सुटली. आम्ही सगळे सुटलो असं वाटलं. पुढच्या वर्षी पावसाळ्यात एकदा दाढी करताना त्यांच्या बोटाला उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ लागली. अक्कानं मला कार्ड लिहिलं. घरात शिकलेला असा मीच. आणीबाणीचे दिवस होते, रजा सहज मिळत नसे, तरी गेलो आणि त्यांना मिरजेला दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरांनी मला एकट्याला व्हरांड्यात बोलावलं. आजार परत आलाय, घशातला थोडा भाग आणि त्या बाजूच्या मानेतल्या सगळ्या गाठी काढाव्या लागतील, म्हणाले. मग स्वतःच्या मानेवरून खांद्यापर्यंत बोट फिरवून त्यांनी दाखवलं, "इथून एक बारीक नस खांद्याकडे जाते. ती या गाठींमधूनच जाते. ती राखायची म्हटली तर गाठी पुऱ्या निघत नाहीत. खांदा पडेल. हात खांद्याच्या वर जाणार नाही." मी विचारलं, "हे त्यांना सांगायचं का?" ते म्हणाले, "तुम्ही ओळखता त्यांना. तुम्ही ठरवा."

मी कॉटजवळ गेलो. दाजींनी विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

"गाठी काढायच्या म्हणतात."

"छाटणीला किती दिस ऱ्हायलं?"

"दीड महिना."

"तवर उभा ऱ्हातो न्हवं मी?"

मी "व्हय" म्हणालो. कागदावर सहीही मीच केली. त्यांना खरं सांगितलं असतं तर ते उठून सरळ स्टँडवर गेले असते, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती. आजही नाही.

सकाळी आत नेलेलं माणूस दुपार कलली तरी बाहेर आलं नव्हतं. अक्का बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मग एका नर्सनं मला दाराशी बोलावून एनॅमलचा ट्रे दाखवला. पिवळट चरबीत रुतलेल्या गाठी, काही शेंगदाण्याएवढ्या, एक चांगली मोठी. एवढ्याशा वस्तूंसाठी एवढा मोठा माणूस… मी मान हलवली आणि परत येऊन अक्काला सांगितलं, सगळं निघालं.

छाटणीच्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. दाजींनी पहिल्या वेलाला कुंकू लावलं, कात्री घेतली आणि हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी डाव्या हातानं उजव्याचं कोपर धरून वर ढकललं. सोडल्याबरोबर हात खाली पडला. गडी दुसरीकडे बघू लागले. दाजी माझ्याजवळ आले. आवाज आता घोगरा झाला होता.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय, दाजी."

त्यांनी कात्री माझ्या पायाशी टाकली आणि घराकडे गेले.

त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. तपासणीच्या खेपा मात्र चालूच होत्या आणि नेणारा मीच. एसटीत आम्ही शेजारी बसायचो. पडलेल्या खांद्यामुळे सदऱ्याची उजवी बाही बोटांवर यायची, ती ते डाव्या हातानं सारखी मागे सारायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. एकदा गाडी गच्च भरलेली, उभं राहावं लागलं. डाव्या हातात त्यांची पिशवी, आणि उजवा वरच्या दांडीपर्यंत जाईना. गाडीनं ब्रेक लावला तसे ते माझ्या अंगावर आले. म्हणाले, "धर मला."

मिरजेपर्यंत मी त्यांना कमरेत धरून उभा होतो. स्टँडवर चहा घेताना ते म्हणाले, "सांगितलं असतंस तर मी न्हाईच म्हनलो असतो. माझ्या पोरीचं, सुमीचं लगीन बघायला ऱ्हायलो नसतो, ते बी कळतंय मला. पर हात माझा हुता, वसंता. मला इचारायचं हुतंस."

"चुकलं, दाजी," मी म्हणालो. त्यांनी बशीतला चहा फुंकून फुंकून संपवला. गिळायला त्यांना वेळ लागायचा.

यंदाच्या माघात दुखणं डाव्या बाजूला उठलं. डॉक्टर म्हणाले, आता सुरी लावण्यात अर्थ नाही. या वेळी मी कॉटवर बसून त्यांना सगळं सांगितलं. किती दिवस, तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आज सांजच्या गाडीनं घरी चल. काम हाय."

मागच्या पडीक तुकड्यात अर्धा एकर नवा मांडव घालायचं काम त्यांनी काढलं. स्वतः खुर्चीवर बसून खुणेनं सांगायचे. मांडव इतका बुटका, की येणारेजाणारे हसायचे, शेळ्या बांधणार काय म्हणायचे. मलाही वाटलं, आजारानं माणूस हट्टी झालाय. वेल तारेला पोचायच्या आत, भादव्यात ते गेले.

परवा गेलो होतो. अक्का त्या तुकड्यात एकटीच कोवळ्या काड्या तारेला बांधत होती. अक्का ठेंगणी. थोरल्या बागेत तिचे हात कधी पुरले नाहीत. इथे ती भुईवर सरळ उभी होती. मी विचारलं, तेव्हा गाठ मारता मारता म्हणाली, "मला हितं उभं केलं हुतं त्येंनी. म्हनले, हात वर कर. कंटाळा यीस्तवर तसाच धर म्हनले. दुखायला लागल्यावर जरा खाली घेतला, तितं खांबाला खूण केली."

मी तारेखाली शिरायला गेलो तर कमरेत वाकावं लागलं.

"तू बस भाईर," अक्का म्हणाली, आणि पुढच्या वेलाकडे सरकली.