चार कर्णे

काल मिक्सरची मोटर जळली. तारेवरचं रोगण जळल्याचा तो वास नाकात शिरला आणि मी कुणकेश्वरच्या पुळणीवर जाऊन उभी राहिले.

मी लहान असताना जत्रेसाठी मामा आपलं लाऊडस्पीकरचं मशीन आणि चार कर्णे घेऊन आले होते. त्या सकाळी धुकं उतरलं ते हटेना. बाकीच्या होड्या किनाऱ्याला लागल्या, बाबांची तेवढी आली नाही. आवाजाच्या रोखाने तरी येतील, म्हणून मामांनी दोन कर्णे समुद्राकडे वळवले.

"चारय लाव," आई म्हणाली.

"अगो, ह्या मशीन दोनच कर्णे ओढता. चार जोडले तर तेका भार झेपाचो नाय. जळात ता."

"जळू दे."

मामांचं पोट त्याच मशीनवर होतं. तरी त्यांनी तारा जोडल्या. ते आधी नाही म्हणाले, याचा तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.

आईने माइक धरला. "ओ, हय येवा! चेडू वाट बघता!" चेडू म्हणजे मी, त्यांची मुलगी. चारही कर्णे घुमले.

शेजारीण ओरडली, "अगो, नाव घे! कोणाचा चेडू, ता त्येंका कसा कळतला?"

आईने नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. तिने पदर डोक्यावर ओढला, डोळे मिटले.

"सखाराम!"

कर्ण्यांतून नुसती खरखर आली. मशीनमधून धूर निघत होता. ते नाव पुळणीवरच्या आम्हा चार माणसांनाच ऐकू आलं.

बाबा आलेच नाहीत. पुढे कितीतरी वर्षांनी मी आईला विचारलं, "बाबांचं नाव तू परत कधीच का घेतलं नाहीस?"

"एकदा घेतलंय गो," ती म्हणाली. "त्येंच्यापर्यंत पोचूक नाय."