आप्पांना दाखवलेलं धरण

मी शिकायला जपानला निघाले त्या दिवशी एसटी नेहमीसारखीच उशिरा आली. आई लाडूंचा डबा बॅगेतून काढत होती आणि परत भरत होती. शेजारच्या काकूंना जपानात तांदूळ मिळतो की नाही याची काळजी लागली होती. माझे वडील, आप्पा, एसटीतच कंडक्टर होते. गाडी आली तशी त्यांनी माझी बॅग टपावर जाऊ न देता मागच्या सीटखाली सरकवली, ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि उतरता उतरता मला म्हणाले, "दगडांचा अभ्यास करायचा तेवढा कर. धरणाच्या कामाला जाऊ नको."

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे आमच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत वाढले त्यांना याचा अर्थ सांगायला नको. जपानातल्या, कोबे आणि उरायासुच्या मराठी मैत्रिणींना मात्र सांगायला हवा, कारण "तुझं गाव कोणतं गं?" असं तुम्ही विचारता आणि मी दरवेळी गुळमुळीत काहीतरी सांगून विषय बदलते. आमचं गाव धरणात गेलं. आप्पा तेव्हा विशीतले होते. डोंगरातल्या, बारा महिने ओल असलेल्या गावाला उचलून सपाट कोरड्या माळावर आणून ठेवलं. त्या धरणाचं पाणी आमच्या माळापर्यंत कधी पोचलं नाही. टँकर यायचा, नाहीतर आई डोक्यावर आणायची. मी जन्मले ती माळावरच. पण घरात 'गाव' म्हटलं की ते पाण्याखालचं. आम्ही राहायचो ती नुसती 'वसाहत'. दर उन्हाळ्यात धरण आटलं की घरांचे चौथरे उघडे पडायचे आणि आप्पा एकटेच ते बघून यायचे. आम्हाला कधी नेलं नाही. 'तिथं काय बघायचंय?' असं म्हणायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायचे.

कोबेत शिकताना मी पार्ट-टाइम म्हणून एका कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात उभी राहिले. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा हे शिकले. शेजारणीकडून त्यावरून दोनदा गोड शब्दांत झाडूनही घेतलं. शिक्षण संपलं आणि नोकरी चालून आली ती दक्षिणेकडच्या मियाको बेटावर. काम धरणाचं होतं. मी फोनवर सांगितलं तेव्हा आप्पा "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला. त्यानंतर कुणीही विचारलं की ते सांगायचे, "शिकतीय अजून." मी तिशीला टेकले तरी वसाहतीच्या हिशेबी शिकतच होते.

मियाकोला विमानातून उतरले आणि चहूकडे ऊसच ऊस बघून मला हसू आलं. एवढ्या लांब येऊन परत ऊसच. पण त्या बेटावर नदी नाही. पाऊस आपल्या माळाला लाजवेल इतका पडतो आणि पडल्या पडल्या नाहीसा होतो. वर तांबड्या मातीचा पातळ थर, खाली पोवळ्यांपासून झालेला चुनखडीचा खडक. तो अनारशासारखा जाळीदार असतो. त्यातून पाणी झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या घट्ट थरावर थांबतं, त्या उतारावरून वाहत वाहत समुद्राला मिळतं. शेतकरी वर ऊस वाळताना बघत बसायचा आणि त्याच्या पायाखालून पाणी निघून जायचं.

तिथल्या लोकांनी ते पाणी जमिनीखालीच अडवायचं ठरवलं. खडकात ओळीने खोल भोकं पाडायची, त्यातच सिमेंट कालवून सलग भिंत उभी करायची. पाणी अनारशाच्या जाळीत साठून राहतं. ते पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून तुषारांनी शेतात सोडायचं. काम झालं की वर पुन्हा ऊस. धरण बघायला गेलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. खालून काढलेले खडकाचे लांब दांडे तपासायचे आणि चुनखडी कुठे संपली ते सांगायचं, हे माझं काम.

पण मी खरी थक्क झाले ती गावच्या सभागृहातल्या बैठकांमध्ये. आमचे साहेब ओनो-सान खडकाचे तुकडे खोक्यात घालून गावोगाव जायचे. म्हाताऱ्या माणसांपुढे जमिनीवर मांडी घालून बसायचे. चुनखडीच्या तुकड्यावर किटलीने पाणी ओतायचे, ते खालून गळायचं. मग खालच्या घट्ट थरातल्या चिकणदगडावर ओतायचे, ते वरच राहायचं. प्रश्न तेच तेच यायचे आणि हा माणूस प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायचा. शिमोजी नावाच्या एका ओबांचा, म्हणजे आजींचा, एकच प्रश्न असायचा: पाणी उभं कुठे राहणार? त्यांच्या उसाच्या मधोमध घराण्याची दगडी कबर होती. ओनो-सान त्यांच्याबरोबर त्या कबरीपर्यंत चालत गेले आणि पाणी किती खाली असेल, वर ओल का येणार नाही, ते तिथे उभं राहून त्यांनी पुन्हा समजावलं. त्या पुढच्या बैठकीलाही ओबा आल्या आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं. ओनो-सान पुन्हा उठले. अशा बैठकांतून बाहेर पडताना मला वसाहतीतली म्हातारी माणसं आठवायची आणि मी चालता चालता मागेच राहायचे. ओनो-सानना वाटायचं, हिला जपानी नीट कळलं नाही. मग ते बिचारे मलाही पुन्हा समजावायचे.

पाणी शेताखाली साठणार म्हटल्यावर शेतात घातलेलं सगळं उद्या किटलीत येणार, हेही त्याच बैठकांत निघालं. रासायनिक खताचा हात आखडायला लोक सहजी तयार झाले नाहीत, वर्षं गेली. पण हळूहळू उसाचं पाचट जाळायच्याऐवजी शेतात पसरलेलं दिसू लागलं आणि ऊस लावण्याआधी हिरवळीचं पीक गाडू लागले. कुणी हुकूम काढला म्हणून नाही, शेजाऱ्याचं बघून.

आप्पा रिटायर झाले तसं मी त्यांच्या मागे लागले. आई गुडघ्यांमुळे आली नाही. आप्पा आले ते जुलैच्या उकाड्यात, स्वेटर घालून, कारण जपान म्हणजे थंडी असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पहिले दोन दिवस त्यांनी धरणाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना ओबांच्या शेतावर नेलं. बांधावर उभे राहून ते पिवळ्या फुलांच्या पिकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा तर ताग आहे." ओबांना मराठी येत नाही, आप्पांना जपानी येत नाही. पण गाडायचा कधी, फुलावर आला की आधी, यावर दोघांचं हातवाऱ्यांनी चांगलंच जमलं. मी मध्ये बोलायला गेले तर आप्पांनी मलाच गप्प केलं.

मग त्यांनी विचारलं, "धरण कुठाय?"

"तुम्ही धरणावरच उभे आहात," मी म्हटलं.

त्यांना ती थट्टा वाटली. मी त्यांना जमिनीखालच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, नळीएवढ्या रुंद विहिरींवर नेलं. आत सोडायची लांब पट्टी असते, तिचं टोक पाण्याला लागलं की पीं असा आवाज येतो. ती मी त्यांच्या हातात दिली. अलीकडच्या, पाणी अडवलेल्या बाजूच्या विहिरीत आठ-दहा हात पट्टी सोडली तोच आवाज झाला. पलीकडच्या विहिरीत ते सोडत राहिले, सोडत राहिले, आवाज येईना. फार खाली गेल्यावर आला. त्यांनी पट्टी गुंडाळली, परत अलीकडे आले आणि स्वतःच पुन्हा सोडून बघितली. त्यांच्या मागे कबर होती, तिच्यापुढे ताजी फुलं होती आणि त्या सगळ्याखाली पाणी भरलेलं होतं.

"गाव कुणाचं उठवलं?"

"कुणाचंच नाही, आप्पा."

ते बांधावर बसले. मला वाटलं, आता ते माझं कौतुक करतील. ते म्हणाले, "मग आमचं का बुडवलं? असं करता आलं असतं ना?"

हा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं. हो म्हटलं असतं तर त्यांच्या दुःखाला जबाबदार धरायला एक माणूस मिळाला असता आणि मुलगी पुन्हा त्यांच्या बाजूची झाली असती. पण मी त्यांची मुलगी होते तशी खडक वाचणारीही होते. मी म्हटलं, "नाही, आप्पा. आपला डोंगर काळ्या पाषाणाचा. त्यात इतकं पाणी साठायला जागाच नाही. आणि सरकारला वीज हवी होती, त्यासाठी पाणी उंचावरच अडवावं लागतं. तिथे असलं धरण झालं नसतं." मग हेही सांगितलं की आपल्या माळावर पाणी का आलं नाही, याचं कारण मात्र दगडात नाही. ते आणता आलं असतं.

आप्पांनी बांधावरचं एक ढेकूळ उचलून हातात फोडलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "कुणी सांगितलंच न्हाई बघ आम्हाला," ते म्हणाले. "एक माणूस येऊन बसला न्हाई. नुसतं 'उठा' म्हणले. आम्ही उठलो."

त्या हिवाळ्यात मी वसाहतीत गेले तर आप्पांनी शाळेचा वर्ग उघडून ठेवला होता. त्यांच्या वयाची सगळी माणसं बाकांवर अवघडून बसली होती, बायका भिंतीकडेला. आप्पांनी माझ्या हातात खडू दिला. मी फळ्यावर बुडालेली दरी काढली, काळा पाषाण काढला, भिंत काढली. पहिला प्रश्न आला, मग थांबेनात. तेच तेच प्रश्न. मी दरवेळी पहिल्यापासून सांगितलं. चहा दोनदा गार झाला. लहानाची मोठी झाले त्या माळावर, पण तिथे मी घरी आले आहे असं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.

मागून एका म्हातारबाबांनी विचारलं, "ही बाई कुठल्या खात्याची?"

"खात्याची न्हाई," आप्पा म्हणाले. "माझी मुलगी आहे. धरणाच्या कामावर असते."