एक अर्ज, एक हरकत

माझं अक्षर चांगलं आहे, हे मला शाळेपासून इतक्या जणांनी सांगितलंय की ते माझ्या डोक्यात गेलं. आमच्या वावरावर आलेलं संकट नगरपरिषदेनं आणलं, पण ते वाढवलं माझ्या या अक्षरानं. हे आज हसून लिहिते आहे. तेव्हा मला स्वतःच्याच दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटल्या होत्या.

आमचं गाव अमरावतीहून एसटीनं तासाभरावर. गावाच्या कडेला नाल्याकाठी साताठ एकरांचा पट्टा आहे आणि त्यात आम्हा माळ्यांच्या घरांचे छोटे छोटे तुकडे. एकेका सातबाऱ्यावर चार-चार नावं. झेंडू, शेवंती, निशिगंध, मध्ये थोडी मेथी-कोथिंबीर. आमचा तुकडा सासरे गेल्यापासून सासूबाईंच्या नावावर. त्यात एक विहीर आहे, तिचं पाणी मे महिन्यातही तळ दाखवत नाही. माझं माहेर अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. लग्न होऊन आले त्या दिवशी या विहिरीचं पाणी मी दोन तांबे भरून प्यायले होते आणि सासूबाई बघतच राहिल्या होत्या.

सासूबाईंबद्दल काय सांगू! रोज सकाळी जुन्या जकात नाक्यासमोर फुलांची टोपली घेऊन बसतात आणि गिऱ्हाईक असो की तहसीलदार, एकाच सुरात बोलतात. नवीन होते तेव्हा त्यांनी मला निशिगंध तोडायला धाडलं. मी उमललेली फुलं तेवढी तोडली आणि कळ्या ठेवून दिल्या. बाजाराला कळ्याच लागतात, हे मला कुठं ठाऊक! ही गोष्ट त्या अजून पाहुण्यारावळ्यांना सांगतात.

तर, दसऱ्याच्या आधीच्या महिन्यात मी हार गुंडाळायला चहाच्या टपरीवरून रद्दी आणली. एका पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत जाहीर सूचना होती. शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली आहे, नकाशा नगरपरिषदेत पाहायला ठेवला आहे, हरकती आणि सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात. त्यातले दहा दिवस उलटून गेले होते. मी हार तसाच टोपलीत टाकला आणि नगरपरिषद गाठली.

सभागृहाच्या भिंतीवर नकाशा टाचला होता. आमच्या पट्ट्यावर हिरवा ठिपका, ठिपक्यात आकडा, आणि बाजूच्या तक्त्यात त्या आकड्यापुढे एकच शब्द: बगीचा. म्हणजे आमचा झेंडू, आमची शेवंती उपटायची आणि तिथं सरकारनं फुलं लावायची. आरक्षण पडलं की सातबारा आपल्याकडे राहतो, पण जमीन आज ना उद्या नगरपरिषदेची होणार ही टांगती तलवार कायमची. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बगीचा? मंग आता तथी काय हाय?"

निवडणुका लांबलेल्या होत्या आणि नगरपरिषदेवर प्रशासक होता. नगरसेवकच नाही, म्हणजे कुणाच्या दारात जाऊन आरडाओरडा करायचीही सोय नाही. जे काही करायचं ते कागदावर. आणि कागद म्हटलं की आमच्या पट्ट्यात सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळतात.

मी अर्ज लिहिला. काय लिहिला म्हणून सांगू! चार पानं, डाव्या बाजूला समास, 'सविनय', 'वडिलोपार्जित', 'उपजीविकेचे एकमेव साधन', सगळं जागच्या जागी. खाली सत्तावन्न सह्या आणि अंगठे, पहिला अंगठा सासूबाईंचा. आमच्याकडे कॅनॉलचं पाणी मागायचं असो की देवळाची मिरवणूक, अर्ज एकच जातो आणि त्यावर सगळी आळी सही करते. वेगवेगळे अर्ज दिले तर लोक विचारतील, यांच्यात भांडण झालं की काय? माझी सही मात्र मी केली नाही. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, आणि मी तर लिहिणारी. आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला, पोच जपून ठेवली आणि पुढचे बारा दिवस मी आळीतून अशी चालत होते, जशी काही वकिलीची सनदच मिळाली आहे.

मुदतीला चार दिवस उरले असताना सुनावणी कधी आहे हे विचारायला मी परत गेले. खिडकीमागचे बाबू भले गृहस्थ, पण घाई या शब्दाशी त्यांचं वैर. त्यांनी रजिस्टर उघडलं. आमच्या पट्ट्यापुढे एक नोंद होती. फक्त एक.

"बाकीच्या छप्पन्न?" मी विचारलं.

"ताई, एक अर्ज, एक हरकत. सह्या किती का असेना. सुनावणीले पहिल्या सहीवाल्याले बोलावतात."

"मग आत्ता याच अर्जाच्या झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या नावानं देते."

"एकाच मजकुराच्या आल्या की वरून सांगतलं हाय, एकत्र करा." मग जरा वरमून म्हणाले, "प्रत्येकाचं आपापलं म्हननं असंन, त वेगळी नोंद करीन मी."

बाहेर पायरीवर बसून मी रडले. राग आला होता आणि तो दुसऱ्या कुणावर काढायची सोयच नव्हती. सत्तावन्न माणसांनी विश्वासानं सह्या केल्या आणि मी माझ्या चार सुरेख पानांत त्यांचा एकच माणूस करून ठेवला. दसरा पाच दिवसांवर. आमच्याकडे वर्षाचा झेंडू याच दिवसांत तुटतो. पहाटेपासून माणूस वावरात, तिथून अमरावतीच्या आणि परतवाड्याच्या बाजारात. या दिवसांत कुणाला 'जरा बस' म्हणणं म्हणजे लग्नघटकेला नवऱ्या मुलाला बाजारात पाठवणं.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मान खाली घालूनच उभी होते. त्या झेंडूची पोती शिवत होत्या. दाभण थांबलं नाही.

"मंग अथी काहून उभी हायेस?" त्या म्हणाल्या. "वही घे. लोकं वावरात हायेत, घरी थोडीच सापडतीन."

मी वही घेतली. चार दिवसांतला एक रविवार, म्हणजे खिडकी उघडी मिळणार तीनच दिवस. झेंडूच्या तासातून, म्हणजे ओळीतून, लोक पुढं सरकत तोडणी करायचे आणि मी शेजारच्या तासातून वही पोटाशी धरून त्यांच्याबरोबर सरकायची. 'सविनय' पहिल्याच सकाळी गळालं. मी एकच विचारायची, "हे वावर गेलं तर तुमचं काय जाईल?" सुरुवातीला सगळे म्हणायचे, "तूच लिही वं चांगलं, मले काय येते?" मी म्हणायची, माझं चांगलं लिहून झालं, आता तुमचं सांगा.

मग निघायला लागलं. एकानं सांगितलं, पावसाळ्यात नाल्याचं पाणी या पट्ट्यात पसरतं, बगिच्याच्या फरशा दोन वर्षं टिकायच्या नाहीत. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की निशिगंधाचे कंद त्याच्या आजीनं आणले तेव्हापासून याच मातीत आहेत. एक जाऊबाई म्हणाल्या, नवरा दारू पितो, हे सहा गुंठेच माझं माहेर आहेत, लिही असंच. मी तसंच लिहिलं. एक जण नुसताच म्हणाला, "बगीचा पायजे ना त्यायले? मंग मले नोकरीवर ठेवा, मी लावून देतो." तेही लिहिलं. पेनाला झेंडूचा चीक लागून बोटं चिकटत होती आणि माझं ते प्रसिद्ध अक्षर कोंबडीच्या पायांसारखं झालं होतं. दुपारी पोती जीपमध्ये चढली की मी अर्ज घेऊन खिडकीवर जायची. बाबू एकेकाला नंबर टाकायचे आणि दर दहा अर्जांनंतर पाणी प्यायचे.

शेवटच्या दिवशी चोपन्न झाले. एक जण मेळघाटात सेमाडोहला पर्यटकांची जिप्सी चालवत होता, तो सापडला नाही. एकानं जमीन विकायचं मनात धरलं होतं, त्याला बोलून उपयोग नव्हता. आणि सासूबाईंचं नाव जुन्या अर्जावर पहिलं होतंच, म्हणून त्यांना मी विचारलं नाही.

सुनावणीला उन्हाळा उजाडला. सभागृहात लांब टेबल, टेबलामागे नियोजन समिती: दोन अधिकारी, तीन निवृत्त तज्ज्ञ, मध्ये अध्यक्ष. आम्ही सगळे धुतलेले कपडे घालून भिंतीच्या कडेनं बसलो. पहिली हाक सासूबाईंना. त्यांच्या पाठोपाठ तिघंचौघं बोलले. तेवढ्यात अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि मोठ्या सौजन्यानं म्हणाले, "बाकी सगळ्यांचं म्हणणं साधारण हेच आहे ना? मग एकत्रच ऐकल्याचं नोंदवू या."

मी उठायच्या आत सासूबाई उठल्या होत्या.

"नाई साहेब. आमी पयले एकच अर्ज आनला होता. तुमच्या लोकायनं म्हनलं, एक अर्ज, एक हरकत. आमी दसऱ्याचा झेंडू तोडता तोडता एकेकाचा अर्ज केला. आता आमी एकेक आनले त तुमी एकत्र करता? आता एकेकच आयका. आमाले घाई नाई, आमी भाकरी बांधून आनल्या."

दाराशी उभे असलेले बाबू एकाएकी छताकडे बघू लागले. अध्यक्षांनी शेजारच्याशी कुजबूज केली आणि पंखा वाढवायला सांगितला. मग एकेक हाक सुरू झाली. जाऊबाई आपले सहा गुंठे सांगताना रडल्या नाहीत, उलट आवाज चढवून बोलल्या. तो म्हातारा पिशवीत निशिगंधाचा कंदच घेऊन आला होता, त्यानं तो टेबलावर ठेवला. बगिच्यात नोकरी मागणाऱ्याचं ऐकून एक तज्ज्ञ हसले, पण लिहून घेतलं. मी बोटांवर मोजत होते. चोपन्नावा झाला आणि मी पिशवी उचलली.

"पंचावन्न," बाबूंनी पुकारलं आणि सासूबाईंचं नाव घेतलं.

मला वाटलं चूक झाली. पण अध्यक्षांच्या हातात खरंच एक कागद होता. बसस्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून सासूबाईंनी तो परस्पर लिहून घेतला होता आणि मुदतीच्या शेवटच्या दुपारी, मी घरी आल्यावर, खिडकीवर देऊन आल्या होत्या. अध्यक्षांनी मोठ्यानं वाचला. दोनच गोष्टी होत्या. जुन्या जकात नाक्यामागे सरकारची ई-क्लास जमीन आहे, मी बावीस वर्षं तिच्यासमोर बसते, तिथं बेशरमाच्या झुडपांशिवाय काही उगवत नाही, बगीचा तिथं करा. आणि दुसरी: माझ्यामागे हे वावर माझी सून करणार आहे, तिला विचारल्याशिवाय घेऊ नका.

"सून आली आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

मी उभी राहिले. चोपन्न माणसांचं म्हणणं लिहिणारी मी, आणि माझ्यासाठी एक ओळ तयार नव्हती. बाबूंनी विचारलं, "सातबाऱ्यावर नाव हाय का ताई?"

"नाई," माझ्याआधी सासूबाईच बोलल्या. "पर वावरात रोज हाय."

मग मी बोलले. काय बोलले ते जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात एकही चांगला शब्द नव्हता. "मी खाऱ्या पाण्याच्या गावची आहे. इथं आले तेव्हा मला फूल तोडता येत नव्हतं. यांनी शिकवलं. आता येतं. मला दुसरं काही शिकायचं नाही. मला हे वावर पाहिजे." एवढं बोलून मी खाली बसले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण भाकरीचं गाठोडं त्यांच्या मांडीवरून माझ्या मांडीवर ठेवलं. बाबूंनी सगळं लिहून घेतलं आणि पुढे सही करायला जागा दाखवली. त्या रजिस्टरात माझी ती पहिली सही.

समितीनं आमच्या पट्ट्यावरचं आरक्षण उठवून ई-क्लास जमिनीवर टाकायची शिफारस केली आहे. शासनाची मंजुरी अजून यायची आहे, आणि मंजुरीत काय काय बदलतं ते आता मी वाचायला शिकले आहे. महिन्यातून एकदा मी अमरावतीला फुलं घेऊन जाते तेव्हा नगररचना कार्यालयात विचारून येते. तिथल्या शिपायानं परवा विचारलं, "ताई, तुमी कोन त्या वावराच्या?"

"हरकतदार," मी म्हटलं आणि बाकावर बसून राहिले.