जावयाच्या बोटीचा छाप

नोंदणी कचेरीत त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणत. हौशी लोकांच्या बोटींना सरकारी क्रमांक द्यायचं त्यांचं काम, आणि स्वभाव असा की साक्षात देव बोट घेऊन आला असता तरी त्याच्याकडे आधी खरेदीची पावती मागितली असती. कागदपत्रांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कारखान्यानं बोटीच्या मागच्या बाजूला कोरलेल्या क्रमांकावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची आणि छाप उमटल्यावरच पुढचं बोलायचं. लोक चडफडत. साहेबांना त्याचंच समाधान वाटे.

एक दिवस जावईच बोट घेऊन आला. सोबत लेक होती.

"बाबा, घरचंच काम आहे. छापबिप कशाला? नंबर द्या, दोन्ही बाजूंना रंगवतो, झालं!"

भिंगसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. याच्या घराजवळ दुसरी कचेरी असताना हा एवढ्या लांब कशाला आला? ओळखीचा फायदा घ्यायला? आणि लेक अशी गप्प का? तिलाही सगळं ठाऊक असेल तर? पोटच्या पोरीवर संशय घेताना त्यांना लाज वाटली, पण संशय काही हटेना.

त्यांनी पेन्सिल घासली. शेवटच्या तीन आकड्यांखाली पुसटसे दुसरेच तीन आकडे उमटले. मग ते बसायच्या फळीखाली आडवे झाले. कारखाना तोच क्रमांक आत दडवूनही कोरतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. तिथे जुनेच आकडे होते, आणि तो क्रमांक चोरीच्या यादीत होता.

"मला काहीच ठाऊक नव्हतं हं, बाबा," कुणी विचारायच्या आतच जावई बोलून गेला.

साहेबांनी छापाचा कागद हातात घेतला. छाप फाडला तर लेकीचा संसार वाचत होता. ते तिच्याजवळ जाऊन पुटपुटले, "इथे कशाला आणलंस गं? तिकडे कुणी पेन्सिल घासत नाही."

"म्हणूनच हट्टानं आणलं," ती म्हणाली. "दोन वर्षं वाटतंय, हा माझ्याशी खोटं बोलतोय. सगळे म्हणतात, बापाचा संशयी स्वभाव उचललाय हिनं. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. दाखवा तो कागद."

त्यांनी दिला. तिनं तो नीट पाहिला, डोळे पुसले आणि त्यांच्या फायलीतला जप्तीचा फॉर्म स्वतःच काढून त्यांच्यापुढे धरला.