बाबांनी बांधलेली गाठ

माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या मनगटावर एक पारदर्शक नळी होती. एक टोक धमनीत, दुसरं शिरेत. रक्त बाहेर येऊन वळसा घेऊन परत हातात जायचं. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि मुंबईच्या इस्पितळात रक्त धुण्याचं मशीन या नळीला जोडत. उजव्या हाताची नळी रक्त गोठून बंद पडली होती, दोन्ही पायांच्याही. "आता दुसरी जागा उरली नाही. ही सांभाळा," असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं.

तरी हा पठ्ठ्या शिमग्याला गावी, मालवणला जायचं म्हणून हटून बसला. डॉक्टर चिडले, मीही चिडले, पण त्याच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही.

परतीला बाबा आमच्यासोबत निघाले. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावातून, म्हणजे लहान होडीतून, जाऊन तिची शिडी पकडावी लागे. बायकांना पहिल्या पडावातून नेलं. बाबा आणि भाऊ मागच्या पडावात होते आणि लाटांमुळे तो बराच वेळ बोटीला लागेना. मी वरून नुसती बघत राहिले.

बाबांचा सगळा जन्म होडीवर गेलेला. शिडीला अडकून नळी उपटेल, या धास्तीने त्यांनी नळीवर गुंडाळलेल्या पट्टीवरून जाळ्याची सुती दोरी आवळून बांधली. समुद्राच्या पाण्याने ती आणखी आवळली. वर आल्यावर गाठ सुटेना, सुरीने कापली. पट्टीखाली नळी थंडगार पडली होती. रक्त काळं झालं होतं.

"हलली नाय मा?" बाबांनी विचारलं.

भावाने माझा हात दाबला, नळीवर शाल ओढली. "नाय, बाबानू. तुमची गाठ सुटूक नाय."

बाबा खूश झाले. मी शालीचं टोक भावाच्या हाताखाली नीट खोचलं.

मुंबईत डॉक्टरांनी नळीत मिठाचं पाणी सारून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. गुठळी हलली नाही. ते हात धुवायला गेले, तेव्हा भाऊ म्हणाला, "बाबांका सांगू नको गो."

मी बाहेर आले. बाकावर बाबा शेजारच्या म्हाताऱ्याला काहीतरी शिकवत होते. त्याच्या मुलाच्या हातातही तशीच नळी होती. बाबांच्या बोटांत दोरी होती आणि तीच गाठ.

मी धावत जाऊन दोरी हिसकावली.

"कित्याक गो?" बाबांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी बसून ती गाठ सोडवू लागले.