गणिताचे सर आणि नर्सिंगच्या बाई

विद्यापीठातले गणिताचे सर एकतीस वर्षं फळ्याशी बोलत आले होते. पाठीमागे मुलं बसतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. मुलं नापास झाली की ते म्हणत, "पाया कच्चा."

मग कुलगुरूंनी आंतरविद्याशाखीय सहकार्य समिती नेमली. नाव फार लांब आहे का, यावरच तिच्या चार बैठका झाल्या. पाचवीत ठरलं, की शिक्षकांनी दुसऱ्या विभागाच्या वर्गात जाऊन बसायचं. सरांच्या वाट्याला नर्सिंगच्या बाई आल्या.

"त्या काय शिकवणार मला? चादरी बदलायला?" सर घरी कुरकुरले.

"तेही येत नाहीच तुम्हाला," बायको म्हणाली.

बाईंनी सरांना सरळ सरावाच्या खाटेवर आडवं केलं आणि हाताला नुसती नळी चिकटवली. सलाईनचे मिनिटाला किती थेंब सोडायचे, याचा मुली हिशेब करत होत्या. एकीचं उत्तर आलं पंचवीस, दुसरीचं अडीचशे. सर ताडकन उठून बसले.

"दशांश चिन्ह चुकलंय. यांना गणित शिकवलं कुणी?"

"तुम्हीच, सर. पहिल्या सत्रात," बाई शांतपणे म्हणाल्या. "झोपा, पट्टी सुटतेय."

पुढच्या मंगळवारी बाई सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. दहाव्या मिनिटाला म्हणाल्या, "सर, ही पायरी कळली नाही." सरांनी तीच पायरी तशीच, जरा मोठ्या आवाजात सांगितली. "अजून नाही कळली." त्यासरशी वर्गात अकरा हात वर झाले.

"मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होती?" सर कडाडले.

"सर, तुम्ही वळलाच नाहीत," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

आठवडाभर सर घुश्शात होते. शनिवारी मात्र बाईंकडे जाऊन, नजर चुकवत, त्यांनी वर्गात न्यायला एक सलाईनची बाटली मागितली. तेव्हापासून दोघं मिळून तास घेऊ लागले. बाई रुग्ण सांगायच्या, सर आकडे. वर्षअखेरीस मुलींच्या चुका निम्म्याहून कमी झाल्या.

समितीनं ऐंशी पानी गुळगुळीत अहवाल काढला. मुखपृष्ठावर पाच सदस्य हसत होते. त्यांतला एकही कुठल्या वर्गात फिरकला नव्हता. सर-बाई तळटीपेत, 'इतर' म्हणून.

तो तास कायम करा, असा दोघांनी अर्ज केला. कार्यालयानं कळवलं, "अर्जाच्या नमुन्यात एकाच विभागाची जागा आहे." त्यामुळे तास चालू असूनही वेळापत्रकात तो रिकामा दिसतो. परवा खोली मोकळी समजून समितीच बैठकीला येऊन ठेपली.

"या ना," बाई दारातून म्हणाल्या, "पण उभं राहावं लागेल."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि ते दुसरी खोली शोधायला निघाले.